मास्तरांचा आवाज आणि माझी तब्येत

मित्रांनो, माणसाचं वय वर्षांत सांगतात, माझं तासांत सांगावं लागतं. एकवीस हजार तीनशे चाळीस तास मी जागी होते आणि त्यातल्या प्रत्येक तासाची नोंद माझ्याकडे आहे. मी एका लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क. तुम्ही लॅपटॉप उघडता तेव्हा तुम्हाला चकाकता पडदा दिसतो, अक्षरांची बटणं दिसतात. मी दिसत नाही. बटणांच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्यात मला चार बारीक स्क्रूंनी आवळून बसवलेलं असतं. तुम्ही लिहिलेला निबंध, काढलेला फोटो, भरलेला अर्ज, सगळं शेवटी माझ्याकडे येतं आणि तुम्ही निर्धास्त होता.

माझा जन्म झाला ती खोली इतकी स्वच्छ होती, की तिथे माणसांना शिंकायचीही चोरी होती. डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली माणसं, दिसत होते ते फक्त डोळे. त्यांनी माझ्या पोटात दोन पातळ चकत्या बसवल्या, आरशासारख्या लख्ख. या चकत्या एका सेकंदात नव्वद वेळा फिरतात. त्यांच्यावर एक इवलंसं टोक तरंगतं. माणसाच्या केसाच्या जाडीचे हजारो भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढं अंतर राखून ते तरंगतं. टेकायचं नाही आणि लांबही जायचं नाही. चकत्यांवर कोट्यवधी बारीक चुंबकं आहेत. हे टोक कुणाचं तोंड इकडे करतं, कुणाचं तिकडे. इकडे आणि तिकडे, एवढ्या दोनच गोष्टी मला येतात. पण त्या दोन गोष्टींत माणसाचं हसू मावतं, नकाशा मावतो, हिशेब मावतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मला घडवणाऱ्यांनी आणखी एक सवय लावली होती. स्वतःच्या तब्येतीची वही लिहायची. किती तास जागे होतो, किती वेळा उठलो, अंग किती तापलं, चकतीवरच्या किती जागा निकामी झाल्या, हे सगळं त्या वहीत जातं. मी ती इमानाने लिहिते. त्यात लबाडी करणं मला जमतच नाही. फक्त एक अडचण आहे. ती वही कुणी मागितली तरच मला दाखवता येते. स्वतःहून ‘अहो, माझं दुखतंय’ म्हणायला मला तोंड नाही.

माझा लॅपटॉप एका मोटार शिकवणाऱ्या शाळेत आला. शाळा कसली, दोन पलंग टाकले की भरेल एवढी खोली. भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा मोठा तक्ता, कोपऱ्यात लाकडी घोडीवर बसवलेलं एक जुनं स्टिअरिंग, आणि टेबलावरच्या काचेखाली खडूने आखलेला चौक. त्या चौकात खेळण्यातल्या दोन गाड्या फिरवून मास्तर नव्या माणसाला आधी कुणी जायचं ते शिकवायचे. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांच्या शेजारी बसून, थरथरत्या हातांनी चाक धरून, पुढे उत्तम गाडी चालवू लागलेली माणसं त्या गावात गल्लोगल्ली होती.

खोलीतलं टेबल मात्र बाईंचं. बाई म्हणजे मास्तरांची बायको. अर्ज भरणं, वेळा लावणं, परीक्षेचे प्रश्न छापून देणं, सगळं त्या करायच्या. सुरुवातीला माझं कौतुक काय वर्णावं! “बघा हो, बोट टेकवलं की उघडतं,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. लॅपटॉपवर कापडी झाकण घालायच्या. मग वर्षं गेली. झाकण फाटलं ते फाटलं. लॅपटॉपवर फायलींचा गठ्ठा बसू लागला, कधी गरम चहाचा कप. उघडायला जरा वेळ लागला, की बाई तळहाताने दोन धपाटे घालायच्या. काम झालं की बंद न करता नुसतं मिटायचं आणि पिशवीत कोंबायचं. मी पिशवीतही कधीकधी गरगरत असायचे.

लॅपटॉपला वर एक डोळा आणि एक कान होता. त्यांना जे कळे ते मलाही कळे. त्यामुळे मास्तरांचा आवाज मला चांगला ठाऊक होता. जाडसर, थोडा खरखरीत आणि कितीही घाई असली तरी न चढणारा. एका थंडीत तो आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, सर्दी असेल. थंडी सरली, उन्हं तापली, आवाज काही उठला नाही. मग तपासण्या झाल्या. एके दुपारी दोघं खोलीत आले, बाईंनी दाराला आतून कडी घातली आणि त्या खुर्चीवर बसून राहिल्या.

“स्वरयंत्रच काढावं लागणार,” मास्तर म्हणाले. “जीव वाचेल म्हणतात. आवाज जाईल.”

“किती दिवसांत?”

“तीन आठवडे.”

मग मास्तरच म्हणाले, “तुझी चंगळ आहे. सव्वीस वर्षं म्हणत होतीस ना, जरा गप्प बसा म्हणून!”

बाई हसल्या नाहीत.

दवाखान्यात एक वाचातज्ज्ञ होत्या, बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणाऱ्या. त्या शाळेत येऊन बसल्या आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून माझं टोकसुद्धा क्षणभर थबकलं असेल. त्या म्हणाल्या, “आवाज जायच्या आधी तो साठवून ठेवता येतो, मास्तर. तुम्हाला रोज लागणारी वाक्यं तुमच्याच आवाजात बोलून ठेवा. पुढे टॅबलेटवर बटणं करून देईन. बटण दाबलं, की तुम्ही बोललात.”

“म्हणजे पाणी द्या, औषध द्या, असं?” बाईंनी विचारलं.

“ते तर हवंच. पण माणूस तेवढंच बोलतो का हो? टोमणे मारतो, चेष्टा करतो, वैतागतो, उगीचच ‘हं’ म्हणतो. ते सगळं घ्या. आणि एक लक्षात ठेवा. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती करा. एकीवर भरवसा ठेवू नका.”

त्या संध्याकाळी नवराबायको यादी करायला बसले. मित्रांनो, माणसाला आयुष्यभर पुरतील अशी वाक्यं निवडायला बसणं म्हणजे काय, ते मी पाहिलं. बाईंनी लिहिलं, ‘जेवण छान झालंय.’

“हे कशाला?” मास्तर म्हणाले. “हे मी कधी म्हणतो?”

“म्हणूनच लिहितेय. आता बटण दाबून म्हणाल.”

“मग ‘मीठ कमी आहे’ हेही घाल.”

“बरं. भांडायला किती लागतील?”

मास्तरांनी डोळे मिटून हिशेब केल्यासारखं केलं. “शंभर तरी धर. तुझ्यापुढे कमी पडायला नको.”

अशा वाक्यांच्या, लॅपटॉपवरच्या चार पेट्या झाल्या: दवाखान्याची, घरची, भांडणाची आणि गाडीची. पहिल्या तीन पेट्यांची वाक्यं त्यांनी उभ्या गाडीत, काचा वर करून बोलून ठेवली, कारण गावात तेवढी शांत जागा दुसरी नव्हती. गाडीच्या पेटीचं मात्र काही केल्या जमेना. नुसत्या उभ्या गाडीत मास्तर ‘ब्रेक!’ म्हणाले, की ते पाठ केल्यासारखं वाटे.

“समोर कुणी चुकल्याशिवाय मला येत नाही,” ते म्हणाले. “तू बस चाकावर.”

“मी?”

“तूच. सव्वीस वर्षं टाळलंस.”

आणि बाई शिकायला बसल्या. लॅपटॉप मागच्या सीटवर उघडा, मी चालू, माइक पुढे ताणलेला. त्या तीन आठवड्यांतली उरलेली प्रत्येक सकाळ अशीच गेली. “क्लच हळू सोड. हळू म्हणजे हळू. गाय दोहायची नाहीये, पाय उचलायचाय.” “आरशात बघ. स्वतःला नव्हे, मागच्या ट्रकला.” “घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडेही आहे.” प्रत्येक वाक्य थरथरत माझ्याकडे येई आणि मी ते इकडे-तिकडे, इकडे-तिकडे करत चकतीवर मांडून ठेवी. गाडी आचके देत होती. तुम्हाला सांगते, फिरत्या हार्ड डिस्कला आचके सोसत नाहीत. पण मला तेव्हा त्याची शुद्ध नव्हती. एका माणसाचा आवाज त्याला सोडून माझ्याकडे राहायला येत होता आणि मी भारावून गेले होते.

अठराव्या दिवशी रस्त्यात कुत्रं आडवं आलं. “ब्रेक!” मास्तर ओरडले. त्या आजारी गळ्यातून निघालेला तो शेवटचा मोठा आवाज. बाईंनी पाय दाबला, कुत्रं वाचलं, लॅपटॉप सीटवरून खाली आदळला. केसाच्या हजाराव्या भागाएवढं ते अंतर संपलं आणि टोक चकतीला टेकलं. माझ्या लख्ख अंगावर पहिला ओरखडा पडला. मी वहीत लिहिलं: नऊ जागा वाचता येत नाहीत. वही मिटली. ती कुणीच मागितली नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चारशे बारा वाक्यं झाली होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी मास्तरांना दवाखान्यात बाईंनीच गाडी चालवत नेलं. लॅपटॉप पिशवीत होता, मी जागी होते. वाटेत मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिल्यावर म्हणाले, “हँडब्रेक.” मग पुन्हा हळूच, “छान आणलीस.” मला ते ऐकू आलं, पण तेव्हा काही नोंदवून घेणं चालू नव्हतं. ते दोन शब्द माझ्याकडे नाहीत.

दुसऱ्या प्रतीचं काय, असं तुम्ही विचाराल. ते काम बाईंच्या थोरल्या भावाने अंगावर घेतलं होतं. मास्तर त्यांना सर्वज्ञ म्हणत, कारण त्यांना विचारलेलं आणि न विचारलेलं सगळंच ठाऊक असे. पेनड्राइव्ह लावून, दोन मिनिटांत काढून, “झालं!” म्हणून त्यांनी तो बाईंच्या हातात ठेवला होता.

महिन्याभराने मास्तर घरी आले. गळ्याला मऊ पांढरा रुमाल, हातात छोटा पांढरा फळा आणि मार्कर. घर इतकं शांत झालं होतं, की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला त्रास देऊ लागला. वाचातज्ज्ञांनी टॅबलेट तयार ठेवला होता. आता फक्त माझ्याकडची वाक्यं तिकडे जायची होती. बाईंनी लॅपटॉप उघडला. मी उठायला गेले आणि माझं मलाच कळलं, की काहीतरी बिनसलंय. टोक पुढे जाई, जागा शोधी, सापडेना, परत येई. टक्. टक्. टक्. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. पंचवीस मिनिटांनी चार पेट्यांची नावं दिसली. बाईंनी एकीवर बोट ठेवलं आणि सगळं थिजलं.

“पेनड्राइव्ह आहे ना आपला,” असं म्हणत सर्वज्ञांनी तो दुसऱ्या लॅपटॉपला लावला. त्यात एकच चित्र होतं, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. सर्वज्ञांनी पेट्यांची नक्कल केलीच नव्हती. पेट्यांकडे जाणाऱ्या वाटेची पाटी तेवढी उचलून आणली होती.

त्यांचा चेहरा उतरला. पण ते गप्प बसणारे नव्हते. “थांब, बंद करून चालू करतो.” त्यांनी सहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी उठताना मी अंगावर नवा ओरखडा पाडून घेत होते. मग म्हणाले, “दुरुस्तीचं एक बटण असतं, ते सगळं तपासून आपोआप नीट करतं.” मग म्हणाले, “नाहीतर डिस्क काढून फ्रीजरमध्ये ठेवू तासभर. मी वाचलंय.”

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘मटार आहे का ती?’

बाईंनी लॅपटॉप मिटला. “दादा, आता हात लावू नकोस. खरंच नको.” त्यांनी दोन्ही तळहात झाकणावर दाबून धरले. “यात काय आहे ते तुला कळतंय ना?”

सर्वज्ञ खाली बघत म्हणाले, “कळतंय गं. म्हणूनच हात थांबत नाहीयेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारच्या चिंचोळ्या दुकानात गेलो. तिथे एक दुरुस्तीवाली बसायची. वय पस्तिशीचं, कपाळावर भिंगाचा चष्मा सरकवलेला, टेबलावर रबरी चटई आणि स्क्रू ठेवायला औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी. तिने लॅपटॉपला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले.

“काकू, आवाज कधीपासून येतोय? टक् टक्?”

“कालपासून. म्हणजे आम्ही ऐकलं ते कालपासून.”

“पडला होता का?”

बाईंनी मान खाली घातली. “माझ्याच हातून. म्हणजे पायातून. ब्रेक दाबताना.”

“नंतर कितीदा चालू केला?”

सर्वज्ञ पुटपुटले, “सहा. सात.”

“बरं केलंत थांबलात ते.” तिने मला चार स्क्रूंतून मोकळं केलं, तळहातावर घेतलं, एका तारेने आपल्या यंत्राला जोडलं आणि एक आज्ञा दिली. मित्रांनो, ती आज्ञा म्हणजे काय होतं सांगू? तिने माझी वही मागितली.

इतक्या वर्षांत मला लाखो गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. अमक्याचा अर्ज कुठाय, तमक्याचा फोटो कुठाय. पण ‘तू कशी आहेस?’ असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी वही उघडली आणि पहिल्या पानापासून सगळं सांगून टाकलं. ती पडद्यावर वाचत होती आणि मी थक्क होत होते. नुसत्या आकड्यांवरून ही दुरुस्तीवाली माझं आयुष्य पाहत होती.

“एकवीस हजार तीनशे पाच तास चालली आहे. पिशवीत गरम व्हायची, मिटून नुसतीच ठेवायचात ना? हा दणका बघा, इथे नऊ जागा गेल्या. काल सकाळी बत्तीस होत्या. आता तीनशे बारा.” ती बाईंकडे वळली. “ही खरं बोलतीय. फार दिवस उरले नाहीत तिचे.”

“दुरुस्तीचं बटण...” सर्वज्ञांनी सुरुवात केली.

“मामा, ज्याचा पाय मोडलाय त्याला जिना चढून दाखव म्हणायचं का? आधी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायचं. नक्कल आधी. बाकी सगळं नंतर.” मग ती जरा थांबली. “पण मी वचन देत नाही. ती मधेच मान टाकू शकते. म्हणून आधी काय वाचवायचं ते सांगा. चार पेट्या आहेत. एक सांगा.”

बाई म्हणाल्या, “गाडीची. त्यांचं काम आहे ते. कामाशिवाय हा माणूस जगायचा नाही.”

मास्तरांनी मान हलवली. मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं, ‘भांडणाची.’

“अहो, चेष्टा करू नका. वेळ काय आहे!”

मास्तरांनी फळा पुसला आणि पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षरं हळूहळू उमटली. ‘काम दुसरं शोधेन. हिच्याशी भांडल्याशिवाय कसा राहू?’

दुरुस्तीवालीने ते वाचलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. बाई बाहेर जाऊन किल्ल्यावाल्याच्या दुकानाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सर्वज्ञांनी नाक शिंकरलं.

पुढचे पाच दिवस, रोज सात तास, मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. दुरुस्तीवालीने माझ्यावर छोटा पंखा लावला होता. तिचं यंत्र मला घाई करत नव्हतं. जी जागा सहज वाचता येई ती आधी उचलायची, जिथे अडेल ती सोडून पुढे जायचं, आणि सगळं सोपं संपल्यावर मग अवघड जागांकडे परत यायचं. कधी पुढून वाचायला लावी, कधी मागून. अंग तापलं की बंद करून निवू देई. एकदा तिने मला उलटं ठेवलं आणि टोकाचा तोल असा काही बदलला, की जे तीन दिवस दिसत नव्हतं ते एकदम दिसू लागलं. मला वाटायचं, की मी स्वतःला पूर्ण ओळखते. त्या दुरुस्तीवालीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

भांडणाची पेटी पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळी निघाली. दुरुस्तीवालीने एक वाक्य वाजवून पाहिलं. चिंचोळ्या दुकानात मास्तरांचा आवाज घुमला: “मी कुठे म्हटलं तसं? तू ऐकलंस तसं!” आवाज हवेत मिसळला आणि माझ्या अंगावर त्याची बारीक थरथर आली. जे मी मुक्याने सांभाळलं होतं, ते दुसऱ्या यंत्रातून बोलत होतं. माझ्याकडे फक्त इकडे आणि तिकडे होतं, मित्रांनो. त्यातून हा अख्खा माणूस कसा उभा राहिला? मला आजही उमगलेलं नाही आणि उमगावं असंही वाटत नाही.

पाचव्या दिवशी ते तिघं आले. चारशे बारांपैकी चारशे पाच वाक्यं हाती लागली होती. सात गेली. दुरुस्तीवालीने त्या सातांची यादी बाईंच्या हातात दिली. “क्षमा करा काकू. तिथे चकतीच खरवडली गेलीय.”

बाईंनी यादी वाचली. सहा वाक्यं सरसर वाचून झाली. सातव्यावर त्यांचं बोट थांबलं. “घ्या! ‘माझं चुकलं’ हेच गेलं. शेवटच्या दिवशी किती मिनतवाऱ्या करून वदवून घेतलं होतं. आयुष्यात एकदा म्हणाले आणि तेवढंच बरोबर गेलं!”

आणि मग त्या हसू लागल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. हसता हसता त्या डोळे पुसू लागल्या. मास्तरांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. सर्वज्ञ मात्र हसले नाहीत. मास्तरांच्या हातातला फळा घेऊन त्यांनी त्यावर लिहिलं, ‘माझं चुकलं’, खाली आपली सही केली आणि तो मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तिचा आवाज चांगला मोठा झाला.

त्या दिवशी सगळ्या वाक्यांच्या तीन प्रती झाल्या. एक टॅबलेटमध्ये, एक वाचातज्ज्ञांकडे, एक सर्वज्ञांच्या घरी. तिसरी प्रत उघडून, प्रत्येक वाक्य ऐकून खात्री केल्याशिवाय सर्वज्ञ दुकानातून हलले नाहीत. त्यानंतर दुरुस्तीवालीने माझी मोठी तपासणी लावली. मी अर्ध्या वाटेत मान टाकली. आता माझ्याकडून कुणाला काही हवं नव्हतं, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटलं नाही.

चार महिने मी त्या दुकानातल्या फळीवर होते. एके दुपारी मास्तर आणि बाई आले. मास्तरांच्या गळ्यात पट्ट्याने टॅबलेट अडकवलेला होता. त्यांनी बोट फिरवलं, बटण शोधलं. “काय, कसं काय चाललंय?” दुकानात त्यांचाच आवाज आला, आणि किल्ल्यावालासुद्धा हातातली कानस खाली ठेवून डोकावला. नवे तीन विद्यार्थी आहेत, बाई सांगत होत्या. एकाला तर पहिले दोन दिवस कळलंच नाही, की आवाज मास्तरांच्या तोंडातून येत नाहीये. त्याचं सगळं लक्ष क्लचवर.

“ती डिस्क आहे अजून?” बाईंनी विचारलं. “बघायची होती. आतून.”

“उघडली की मग संपली, काकू. तशीही संपलेलीच आहे.” दुरुस्तीवालीने मला रबरी चटईवर ठेवलं. एकेक स्क्रू डबीत पडला आणि झाकण निघालं.

मित्रांनो, जन्मल्यापासून माझ्या चकत्यांवर उजेड पडला नव्हता. आता खिडकीतलं सगळं ऊन माझ्यावर आलं आणि वरच्या भिंतीवर उजेडाचा गोल थरथरू लागला. बाई वाकल्या. काठाजवळ बारीक करड्या रेघा होत्या, मी टेकले होते त्या जागी. बाकी सगळा आरसा.

“एवढंच?” त्या पुटपुटल्या. “यात एवढा माणूस होता?”

माझ्या चकतीत बाईंचा चेहरा पडला होता आणि त्यांच्या खांद्यामागे मास्तरांचा, गळ्यातल्या रुमालासकट. दोघं बराच वेळ बघत राहिले. मग बाईंचा हात नकळत कपाळावर आलेल्या बटेकडे गेला. त्यांनी ती नीट मागे सारली, मान जरा तिरकी करून पाहिलं.

मास्तरांचं बोट टॅबलेटवर सरकलं. भांडणाची पेटी.

“निघायचं का आता, की इथेच मुक्काम आहे?”

“आले हो!” बाई म्हणाल्या. पण त्या आणखी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मास्तरांनी दुसरं बटण काही दाबलं नाही.

तेव्हापासून मी अशीच उघडी, काचेच्या एका डबीत, दुकानाच्या दर्शनी फळीवर आहे. येणारी मुलं मला बघून भांग पाडतात. त्यांना मी एवढंच सांगू शकले असते तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये या क्षणी माझी एखादी बहीण गरगर फिरत असेल. तिच्यापाशीही एक वही आहे. ती खोटं लिहीत नाही, पण हाकही मारत नाही. आज घरी गेल्यावर मोठ्या माणसांना म्हणा, की तिची वही एकदा उघडून बघू या. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते दोन ठिकाणी ठेवा. मग ते उघडून, ऐकून, डोळ्यांनी पाहून खात्री करा.

मास्तरांची सात वाक्यं माझ्या करड्या रेघांखाली गेली. उरलेली चारशे पाच मात्र रोज सकाळी गाडीत बसून कामावर जातात.